हौशी ॲपनिर्मितीसाठी परवडणारा लॅपटॉप : काय पाहावे, काय टाळावे

गावच्या जत्रेचे वेळापत्रक, फेरीबोटीच्या वेळा, भजनी मंडळाची पदे, कुळागरातील नारळ-सुपारीचा हिशेब अशा लहान पण खऱ्या गरजांसाठी स्वतःच एखादे मोबाइल ॲप तयार करून पाहावे, अशी हौस अनेकांना असते. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, शिक्षक असतात, नोकरी सांभाळून रात्री दोन तास संगणकापुढे बसणारे असतात आणि निवृत्तीनंतर नवे काही शिकू पाहणारेही असतात. या छंदाला लागणारी साधने बहुतांशी मोफत आहेत. गुगलचे अँड्रॉइड स्टुडिओ मोफत आहे, फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही दोन्ही माध्यमे मोफत आहेत आणि शिकण्यासाठी लागणारी माहितीही विनामूल्य मिळते. मोठा खर्च एकाच वस्तूवर होतो, तो म्हणजे लॅपटॉप.

नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. दुकानात गेल्यावर ‘ऑफिसच्या कामासाठी हवा की गेमिंगसाठी?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. ॲपची निर्मिती आणि चाचणी हे काम या दोन्ही प्रकारांत बसत नाही. पहिल्या प्रकारातला स्वस्त लॅपटॉप घेतला तर तो या कामाखाली अक्षरशः गुदमरतो; दुसऱ्या प्रकारातला घेतला तर कधीही उपयोगात न येणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे मोजावे लागतात. घरातील काटकसरीतून उभे केलेले पैसे एकदा चुकीच्या यंत्रात अडकले, की पुढची तीन-चार वर्षे ते बदलता येत नाही आणि बहुतेक वेळा छंदच सुटतो. म्हणून खरेदीपूर्वी या कामाचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरते.

कामाचे खरे ओझे कोणते?

ॲप लिहिताना संगणकावर एकाच वेळी तीन-चार जड कामे चालू असतात. पहिले काम म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओसारखे संपादन-साधन. लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीची ते सतत तपासणी करीत असते. दुसरे काम म्हणजे ‘ग्रेडल’ ही बांधणी-यंत्रणा. लिहिलेल्या मजकुराचे फोनवर चालणाऱ्या ॲपमध्ये रूपांतर ती करते. नव्या प्रकल्पात तिला सहसा २ जीबी स्मृतीची मर्यादा नेमून दिलेली असते. तिसरे काम म्हणजे ‘एमुलेटर’, अर्थात संगणकाच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन. तो केवळ फोनचे चित्र दाखवीत नाही, तर अँड्रॉइडची संपूर्ण प्रणाली संगणकाच्या आत चालवतो. शिवाय माहिती शोधण्यासाठी उघडलेला ब्राउझर असतोच, आणि या सर्वांखाली विंडोज किंवा लिनक्स असते.

या सगळ्यांची बेरीज केली तर ८ जीबी रॅम अपुरी का पडते, हे सहज लक्षात येते. गुगलने अँड्रॉइड स्टुडिओसाठी सांगितलेली किमान आवश्यकता नेमकी हेच दर्शवते. केवळ स्टुडिओ चालवायचा असेल तर ८ जीबी आणि त्याबरोबर एमुलेटरही चालवायचा असेल तर १६ जीबी रॅम लागते. ३२ जीबीची शिफारस केलेली असली, तरी हौशी कामासाठी ती चैन आहे. रॅम अपुरी पडली की संगणक स्मृतीतील मजकूर तात्पुरता डिस्कवर उतरवू लागतो, आणि सेकंदांचे काम मिनिटांवर जाते.

म्हणून पहिला नियम असा : प्रोसेसरच्या नावापेक्षा रॅमचा आकडा आधी पाहावा. १६ जीबी हे लक्ष्य असावे. तेवढी रॅम आजच घेणे शक्य नसेल, तर ८ जीबीचे असे यंत्र घ्यावे ज्यात पुढे रॅम वाढवता येईल. अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावर कायमची जोडलेली असते. ती नंतर बदलता वा वाढवता येत नाही. ‘रॅमचा रिकामा स्लॉट आहे का?’ हा प्रश्न विक्रेत्याला स्पष्टपणे विचारावा. उत्तर गोलमोल मिळाल्यास त्या विशिष्ट मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून खात्री करून घ्यावी.

प्रोसेसर : नावातले सापळे

‘आय५ आहे’ किंवा ‘रायझन ५ आहे’ एवढ्या माहितीवर निर्णय घेणे धोक्याचे आहे. एकाच नावाखाली अगदी भिन्न कुवतीच्या चिप विकल्या जातात. महत्त्वाचे असते ते पूर्ण मॉडेल क्रमांक आणि कोअरची संख्या.

इंटेलचे उदाहरण घेऊ. सातव्या पिढीतील आय५-७२००यू या प्रोसेसरमध्ये २ कोअर होते. आठव्या पिढीतील आय५-८२५०यू मध्ये ते ४ झाले. नाव तेच, पिढीत एकाचा फरक, पण बांधणीच्या कामाला मिळणारे हात दुप्पट. याउलट बाराव्या पिढीतील आय३-१२१५यू मध्ये ६ कोअर आहेत. म्हणजे जुना ‘आय५’ नव्या ‘आय३’ पेक्षा श्रेष्ठ असेलच असे नाही.

एएमडीच्या बाबतीत सापळा वेगळा आहे. रायझन ५ ५५००यू मध्ये ६ कोअर आहेत, तर त्याहून मोठा क्रमांक मिरवणाऱ्या रायझन ५ ७५२०यू मध्ये ४ च कोअर आहेत आणि त्यांची रचनाही ‘झेन २’ या जुन्याच घडणीची आहे. क्रमांक मोठा दिसला म्हणून चिप नवी व वेगवान आहे, असे गृहीत धरू नये.

पूर्णपणे टाळावेत असेही काही प्रोसेसर आहेत. सेलेरॉन एन४०२० सारख्या चिपमध्ये केवळ २ कोअर असतात. असे लॅपटॉप ऑनलाइन वर्ग वा पत्रलेखनासाठी ठीक असले, तरी त्यांवर एमुलेटर चालवणे म्हणजे सायकलवर भाताची पोती लादून घाट चढण्यासारखे आहे. ४ कोअर ही किमान मर्यादा आणि ६ वा अधिक कोअर ही समाधानाची पातळी मानावी.

याखेरीज प्रोसेसरमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ची सोय असणे आवश्यक आहे. इंटेलमध्ये ती व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही या नावाने ओळखली जाते. तिच्याशिवाय आभासी फोन जवळजवळ निरुपयोगी होतो. आजच्या बहुतेक सर्व प्रोसेसरांत ही सोय असते, परंतु अनेक यंत्रांत ती कारखान्यातून बंद करून पाठवलेली असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरच्या माहितीत ती चालू आहे की बंद, हे दिसते. बंद असल्यास संगणक सुरू होतानाच्या बायोस मांडणीत जाऊन ती चालू करता येते. ‘एमुलेटर चालतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांचा प्रश्न या एका कळीने सुटतो. नवा लॅपटॉप घेण्याची गरजच पडत नाही.

साठवण : एसएसडीला पर्याय नाही

अँड्रॉइडचे प्रकल्प हजारो लहान फायलींचे बनलेले असतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला या फायली वेचताना फार वेळ लागतो. एसएसडीमुळे जो फरक पडतो, तो अन्य कोणत्याही एका बदलाने पडत नाही. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत असतो. एनव्हीएमई प्रकारातील एसएसडी त्याच्या कित्येक पट वेगवान असते. हौशी कामासाठी साटाही पुरेशी आहे. मात्र अत्यंत स्वस्त लॅपटॉपांत आढळणारी ‘ईएमएमसी’ साठवण टाळावी. ती मंद असते, बहुधा ६४ किंवा १२८ जीबीचीच असते आणि बदलताही येत नाही.

किती जागा हवी? स्टुडिओ, त्याची साधने आणि एमुलेटर यांसाठी गुगल किमान १६ जीबी मोकळी जागा सांगते. प्रत्यक्षात अँड्रॉइडच्या दोन-तीन आवृत्त्यांचे आभासी फोन उतरवले की ती जागा सहज दुप्पट होते. विंडोज व अन्य सामान धरता २५६ जीबी ही काटकसरीची आणि ५१२ जीबी ही निश्चिंतीची मर्यादा होय.

जिथे पैसे वाचवता येतात

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही. ज्यांना मोबाइलसाठी त्रिमितीय खेळ तयार करायचे आहेत, त्यांनीच त्याचा विचार करावा. टचस्क्रीन, प्रकाशणारा कळफलक, बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय या गोष्टीही चाचणीच्या दृष्टीने गौण आहेत.

पडद्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा असावा. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्यावर एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला आभासी फोन मांडला की दोन्ही अपुरे दिसतात. जुना पडदा असलेले यंत्र आधीच घरात असेल, तर त्याला घरातील टीव्ही किंवा साधा मॉनिटर एचडीएमआय तारेने जोडून काम भागवता येते.

आभासी फोन की खरा फोन?

कमी खर्चात काम करू पाहणाऱ्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट ही, की ॲपची चाचणी घेण्यासाठी आभासी फोन चालवलाच पाहिजे असे नाही. खिशातला अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून त्यावर ॲप थेट चालवता येते. फोनच्या ‘अबाउट फोन’ विभागात बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवले, की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा विभाग उघडतो. त्यातील ‘यूएसबी डिबगिंग’ चालू केले की झाले. अँड्रॉइड ११ व त्यापुढील फोनवर हेच काम तारेशिवाय, घरातील वायफायवरूनही होते. इतकेच नव्हे, तर अँड्रॉइड स्टुडिओ खऱ्या फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवू शकतो.

असे केल्याने आभासी फोनचा संपूर्ण भार संगणकावरून उतरतो. ८ जीबी रॅमच्या यंत्रावरही मग काम सुसह्य होते. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. आभासी फोन चालतो तो संगणकाच्या बळावर. त्यावर झरझर चालणारे ॲप गावातल्या एखाद्या काकूंच्या २ जीबी रॅमच्या फोनवर अडखळू शकते. बॅटरी किती खर्च होते, नेटवर्क मध्येच गेले तर काय होते, कॅमेरा व जीपीएस नीट चालतात का, उन्हात पडदा वाचता येतो का, याची खरी परीक्षा हातातल्या फोनवरच होते. म्हणून घरात पडून असलेला जुना फोन टाकून देऊ नये. एक नवा आणि एक जुना-साधा, असे दोन खरे फोन म्हणजे हौशी माणसाची उत्तम प्रयोगशाळा होय.

आभासी फोनचा उपयोग उरतो तो निरनिराळ्या आकारांच्या पडद्यांसाठी आणि आपल्याजवळ नसलेल्या अँड्रॉइड आवृत्त्यांसाठी. तो अधूनमधून, एकावेळी एकच चालवावा. याशिवाय गुगलच्या ‘फायरबेस टेस्ट लॅब’ या सेवेत दूरस्थ यंत्रांवर चाचणी घेता येते. तिच्या मोफत योजनेत रोज १० आभासी आणि ५ प्रत्यक्ष फोनवरील चाचण्या घेण्याची मुभा आहे. हौशी प्रकल्पाला एवढ्या चाचण्या पुरून उरतात.

आयफोनसाठी ॲप करायचे असल्यास

इथे अडचण तांत्रिक नसून धोरणाची आहे. आयफोनच्या ॲपची बांधणी करणारे ‘एक्सकोड’ हे साधन ॲपलच्या मॅक संगणकांवरच चालते. विंडोजचा लॅपटॉप कितीही शक्तिशाली असला, तरी त्यावर ते चालत नाही.

त्यातून दोन मार्ग निघतात. पहिला मार्ग मॅक न घेण्याचा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘एक्स्पो’ हे साधन वापरल्यास विंडोजवर लिहिलेले काम ‘एक्स्पो गो’ या ॲपद्वारे आयफोनवर पाहता येते. शिकण्याच्या टप्प्यासाठी एवढे पुरेसे आहे. दुसरा मार्ग मॅक घेण्याचा. त्यात लॅपटॉपचा हट्ट नसेल, तर मॅक मिनी हा ॲपलच्या नव्या यंत्रांतील सर्वांत स्वस्त प्रवेश ठरतो. २०२४ मध्ये आलेल्या एम४ चिपच्या मॅक मिनीत सुरुवातीच्या मॉडेलमध्येच १६ जीबी रॅम आहे. घरातील मॉनिटर, कळफलक आणि माउस त्याला चालतात.

जुना मॅकबुक घेताना मात्र विशेष सावध राहावे. इंटेल प्रोसेसर असलेले जुने मॅकबुक बाजारात मोहात पाडणाऱ्या किमतीला मिळतात. परंतु मॅकओएस २६ ही इंटेल यंत्रांवर चालणारी अखेरची आवृत्ती असेल, असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले आहे. आणि ती आवृत्तीसुद्धा इंटेलच्या मोजक्याच मॉडेलांवर चालते. एक्सकोडच्या नव्या आवृत्त्यांना नवी मॅकओएस लागते. त्यामुळे आज स्वस्तात मिळालेले इंटेल मॅकबुक लवकरच या कामापुरते निरुपयोगी होईल. जुनाच घ्यायचा असेल, तर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपपासून पुढचा घ्यावा. मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

विंडोज, लिनक्स आणि क्रोमबुक

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतरीत्या, काही अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा वा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. जुना लॅपटॉप निवडताना आठवी पिढी ही लक्ष्मणरेषा मानावी, याचे हे दुसरे कारण. पहिले कारण, कोअरच्या संख्येचे, वर आलेच आहे.

ही अट पूर्ण न करणारे यंत्र घरात असेल, तर त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवावी. अँड्रॉइड स्टुडिओ लिनक्सवर उत्तम चालतो, लिनक्सची केव्हीएम यंत्रणा आभासी फोनला वेग देते आणि कमी रॅममध्ये ही प्रणाली अधिक मोकळी वाटते.

क्रोमबुक या कामासाठी घेऊ नये. त्यावर अँड्रॉइडचा एमुलेटर चालवता येत नाही. स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत उत्तम असले, तरी विंडोजसाठीचा अँड्रॉइड स्टुडिओ मुळात इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांसाठी घडवलेला आहे. हौशी माणसाने आपला वेळ असल्या प्रयोगात घालवू नये.

नवा की जुना?

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप ठरावीक वर्षांनी बदलतात. ते दुरुस्त होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विक्रीस येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक या व्यावसायिक मालिका मजबूत बांधणीसाठी प्रसिद्ध आहेत. उदाहरणार्थ, २०१८ च्या थिंकपॅड टी४८० मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आणि रॅमचे दोन स्लॉट असतात. त्यात १६ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर ॲपच्या कामात तो आजच्या ८ जीबीच्या अनेक नव्या स्वस्त लॅपटॉपांना मागे टाकतो.

जुने यंत्र घेताना पुढील तपासण्या दुकानातच कराव्यात :

१. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमचे प्रमाण, वापरात असलेले स्लॉट आणि व्हर्च्युअलायझेशनची नोंद स्वतः पाहावी. वेष्टनावरील वा यंत्रावरील चिकटपट्टीवर विसंबू नये.

२. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढावा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असल्यास नव्या बॅटरीची किंमत व्यवहारात धरावी.

३. बायोसला पासवर्ड नाही, तसेच यंत्र कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थापन-कुलुपाखाली नाही, याची खात्री करावी. मॅक असल्यास जुन्या मालकाचे ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ काढलेले असावे.

४. सर्व कळा, यूएसबी पोर्ट, वायफाय, बिजागरी आणि पडदा तपासावा. फोन यूएसबीने जोडून तो ओळखला जातो का, हेही पाहावे. आपले रोजचे काम त्यावरच अवलंबून आहे.

५. यंत्राचा अनुक्रमांक नमूद असलेले जीएसटी बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी. बिलाविना मिळणारा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तो चोरीचा निघाल्यास पैसा आणि मनःस्वास्थ्य दोन्ही जातात.

आपल्याकडील हवामानाचाही विचार हवा. पावसाळ्यातील दमट हवा आणि किनारपट्टीची खारी हवा यंत्रांना मानवत नाही. पंख्यात धूळ साचलेला जुना लॅपटॉप बांधणीच्या कामात तापतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. जुना लॅपटॉप घेतल्यावर एकदा तो आतून साफ करून घ्यावा, आणि वापरताना उशीवर वा अंथरुणावर ठेवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरी धड असणे ही सोय नसून गरज आहे. बांधणी चालू असताना यंत्र बंद पडले तर प्रकल्पाच्या फायली बिघडू शकतात.

खिशानुसार तीन मार्ग

*खर्च करण्याची तयारी नसल्यास :* घरातील लॅपटॉप ४ कोअरचा असेल, तर नवा घेऊच नये. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, स्लॉट असल्यास रॅम १६ जीबी करावी आणि चाचणी खऱ्या फोनवर घ्यावी. रॅम व एसएसडीचे भाव बाजारात वरखाली होत असतात. दोन-तीन दुकानांत चौकशी करावी.

*मध्यम खर्चात :* आठव्या वा त्यापुढील पिढीचा, १६ जीबी रॅम व एसएसडी असलेला व्यावसायिक मालिकेतील रिफर्बिश्ड लॅपटॉप, लेखी वॉरंटीसह. रुपयामागे मिळणारी कुवत पाहता हौशी माणसासाठी हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे.

*नवाच घ्यायचा असल्यास :* ६ वा अधिक कोअर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि १९२० बाय १०८० चा पडदा. यांत बसवताना किंमत वाढत असेल, तर आधी साठवण कमी करावी, मग प्रोसेसरची पायरी. रॅम शेवटपर्यंत राखावी. चतुर्थी-दिवाळीच्या सवलतींत मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घेऊनच तुलना करावी, कारण एकाच नावाचा लॅपटॉप वेगवेगळ्या घडणीत विकला जातो.

लॅपटॉपव्यतिरिक्त थोडी रक्कम बाजूला ठेवणेही आवश्यक आहे. गुगल प्लेवर ॲप प्रसिद्ध करण्यासाठी २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. ॲपलच्या दुकानासाठी वर्षाला ९९ डॉलर. शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गुगल प्लेवर वैयक्तिक खाते उघडणाऱ्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सुरुवातीला ही संख्या २० होती. घरचे लोक, मित्र, मंडळाचे सदस्य यांना आधीच विश्वासात घेतलेले बरे. आणि हे ॲप केवळ स्वतःच्या फोनवर वापरायचे असेल, तर यांपैकी काहीही भरावे लागत नाही. आयफोनवर मात्र मोफत खात्याने चढवलेले ॲप सात दिवसांनी पुन्हा चढवावे लागते.

मराठी-कोकणी ॲपची खास परीक्षा

आपल्या भाषेत ॲप करणाऱ्याला इंग्रजी ॲपहून काही अधिक चाचण्या घ्याव्या लागतात, आणि त्या स्वस्त यंत्रावरही उत्तम होतात. फोनमधील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून पाहावा. देवनागरीतील वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात का, हे लगेच कळते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द टंकून पाहावेत. अर्थ बदलणारा हा फरक पडद्यावर नीट उमटला पाहिजे.

सर्वांत फसवी अडचण अंकांची असते. फोनची भाषा मराठी ठेवली की तारखा व संख्या देवनागरी अंकांत दिसू लागतात, कारण युनिकोडच्या प्रमाणित संचात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूळ धरलेले आहेत. वाचकाला ते हवेच असतात. परंतु तेच अंक ॲपने सर्व्हरकडे किंवा माहितीसाठ्याकडे पाठवले, तर पलीकडची यंत्रणा ते नाकारू शकते. इंग्रजी भाषेतील फोनवर निर्दोष चालणारे ॲप मराठी फोनवर मात्र बंद पडते, आणि कारण कित्येक दिवस सापडत नाही. म्हणून प्रत्येक ॲप एकदा पूर्णपणे मराठीत ठेवलेल्या फोनवर चालवून पाहावे. कोकणीसाठी ॲप करणाऱ्यांनी तीच चाचणी कोकणी भाषा निवडून करावी.

निर्णयापूर्वी पाच प्रश्न

रॅम १६ जीबी आहे का, नसल्यास वाढवता येते का? प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक कोणता आणि कोअर किती? साठवण एसएसडी आहे की ईएमएमसी? त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का? बिल आणि लेखी वॉरंटी मिळते का? या पाच प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर कंपनीचे नाव आणि यंत्राचा रंग आवडीप्रमाणे निवडावा.

गुगल प्लेचे नियम दरवर्षी पुढे सरकतात. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना अँड्रॉइड १५ डोळ्यांसमोर ठेवून बांधणे बंधनकारक झाले आहे. साधनेही त्याबरोबर जड होत जातात. त्यामुळे आज जेमतेम पुरणारे यंत्र दोन वर्षांनी अपुरे पडेल, हे गृहीत धरून रॅमच्या बाबतीत एक पायरी वरची निवड करावी. बाकी साऱ्या बाबतीत काटकसर चालते. उरलेल्या पैशांतून एखादा साधा जुना फोन घ्यावा. आपले ॲप वापरणाऱ्या माणसांच्या हातात बहुधा तसाच फोन असतो.